अख्खी गाडी

"या वेळी अख्खी गाडी करायची. दुसऱ्याची काडीसुद्धा आत जाता कामा नये!" वैजयंताने नवऱ्याला ठणकावून सांगितलं. मागच्या खेपेला हळद पॉलिश करायचा ड्रम सांगलीहून वसमतला पार्ट लोडने, म्हणजे गाडीतली थोडी जागा घेऊन, पाठवला होता. इतरांच्या मालासाठी तो वाटेत कितीदा उतरवला, कितीदा चढवला, देव जाणे. गिऱ्हाइकाच्या दारात पोचला तो पोचे घेऊनच.

सकाळी ट्रक कारखान्यासमोर येऊन उभा राहिला. नवा ड्रम चढवायला बोलावलेला क्रेनवाला फोनवर नुसतं "निघालोच" म्हणत होता, म्हणून वैतागून ती स्वतःच त्याला आणायला गेली.

क्रेन घेऊन परतली, तर ट्रकात सासूबाईंनी नणंदेसाठी काढून ठेवलेलं कपाट, चुलतसासऱ्यांचा सागवानी पलंग, शेजारणीच्या नातवाचा पाळणा आणि नवऱ्याच्या मित्राची फटफटी!

"अहो, हे काय?"

"गाडी तिकडंच चाललीय की. म्हटलं, कोपऱ्यात जरा..."

"कोपरे चारच असतात हो गाडीला!"

"मोकळी गाडी माझ्या लेकीच्या गावावरनं जायची, आणि मी नुसतं बघत बसायचं?" सासूबाईंनी लोणच्याची बरणी पुढे केली. "ही तेवढी पुढं ठेव, सांडंल."

वैजयंता काही बोलणार, तोच ड्रायव्हर दोर आवळून खाली उतरला. ड्रमकडे बोट दाखवत म्हणाला, "ताई, गाडी फुल्ल झाली. हा काय, पार्ट लोडनं पाठवताय?"