बुधवारचं घर

डुलकीनं उशीला डोकं टेकलं आणि भिंतीपलीकडे लोखंड कापायचं मशीन सुरू झालं.

ती ताडकन उठून बसली. नव्या घरातली ही तिची पहिलीच झोप. चादरीच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. भांड्यांच्या खोक्याला टेकून बसलेल्या मैत्रिणीकडे तिनं पाहिलं.

"हे काय गं?"

"असेल कुणाचं तरी किरकोळ काम," वकीलबाई म्हणाली. "होईल बंद."

झालं बंद. मग पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी खिडकीच्या काचाही थरथरल्या.

दोघी पावाच्या कारखान्यात कायमच्या रातपाळीला. रात्रभर भट्टीसमोर उभं राहायचं आणि दिवसा घरी झोपायचं. आता झोपायचं म्हणजे बाकीच्या बायकांनी, डुलकीनं नाही. भावाच्या दोन खोल्यांत पडद्याआड पडलं, की वहिनीचा मिक्सर, पोरांची मारामारी, दारावर येणारा-जाणारा, सगळं कानावर. संध्याकाळी तशीच कामावर यायची आणि ट्रे उचलता उचलता पेंगायची. म्हणून तर नाव पडलं डुलकी. लोकांना घरात बाल्कनी हवी असते, पाहुण्यांना बसायला खोली हवी असते. हिला सलग झोप हवी होती, बस्स. त्यासाठी म्हातारपणापर्यंतचे हप्ते बाईनं डोक्यावर घेतले होते.

आणि हे घर शोधून दिलं होतं वकीलबाईनं. भांडणात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, सुपरवायझरही नाही, म्हणून ती वकीलबाई. दर बुधवारी, कारखान्याच्या सुट्टीला, ती डुलकीला घरं दाखवत हिंडली. याच खोलीत ती भर दुपारी, विकणाऱ्याच्या देखत, फरशीवर आडवी झाली होती. "टाचणी पडली तरी ऐकू येईल इथं. डोळे मिट आणि घेऊन टाक." बोळातल्या बंद शटरवर तिनं टकटक करूनही पाहिलं होतं. "गोदाम दिसतंय. असा शेजारी नशिबानं मिळतो गं, ना भांडण ना उखाळ्यापाखाळ्या." विकणारा नुसता हसला होता. खात्री करायला दोघी पुन्हा पुन्हा आल्या. दर वेळी बुधवारीच.

डुलकीनं कानात कापूस घातला. चादर डोक्यावरून घेतली. मग दोघींनी मिळून गादी स्वयंपाकघरात ओढत नेली. तिथं आवाज जरा जाड झाला, एवढंच. असं करता करता दुपार होत आली. डोळ्याला डोळा लागला नाही.

"नवी जागा आहे ना," डुलकी म्हणाली. डोळे लाल झाले होते. "सवय होईल."

हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वकीलबाईला वाटलं. परत जायची सोयही राहिली नव्हती. वहिनीनं पडदा काढून तिथं कपाट ठेवलंसुद्धा होतं.

"तू पड. मी बघते," ती म्हणाली, आणि पायात चपला सरकवून तरातरा बोळात गेली.

शटर वर होतं. आत एक पिकल्या केसांचा माणूस खिडकीची जाळी बनवत होता. बाई दारात दिसल्याबरोबर त्यानं स्वतःहून मशीन बंद केलं.

"दादा, हे रोज चालतं?"

"बुधवार सोडून रोज. बुधवारी या भागात सगळ्यांनाच सुट्टी."

"बुधवारी," वकीलबाई म्हणाली.

"पण दिवेलागणीला बंद करतो हं ताई. रात्री एक खिळा ठोकत नाही. माणसांच्या झोपेच्या वेळी आवाज नको, हा माझा नेम. कुणालाही विचारा."

वकीलबाई सगळा खटला जिभेवर घेऊन आली होती. पण भांडायचं तर समोरच्याचं काहीतरी चुकलेलं लागतं. हा बापडा दिवसाउजेडी आपलं काम करत होता. आणि विकणाऱ्याची कॉलर धरावी, तर तो म्हणणार, बाई, तुम्ही विचारलंत कुठं?

"माझी मैत्रीण आहे भिंतीपलीकडे," ती म्हणाली. "रातपाळी असते आमची. तिनं हे घर झोपायला घेतलंय."

"भाड्यानं?"

"विकत."

माणसानं भिंतीकडे पाहिलं. "पोटाचा धंदा आहे, ताई. मी तरी काय करू?"

"काही नाही," वकीलबाई म्हणाली. असं बोलायची तिच्यावर उभ्या जन्मात वेळ आली नव्हती.

त्यानं चिंधीला हात पुसले. "जेवायची वेळ झालीच आहे. जेवेपर्यंत बंद ठेवतो." आणि लोखंडी स्टुलावर बसून त्यानं डबा उघडला.

ती घरात डोकावून आली. स्वयंपाकघरात ओट्याखाली डुलकी कापूस घातल्या कानांनी, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. इतकी वर्षं सोबत काम केलं, पण तिला असं झोपलेलं वकीलबाईनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं दार आवाज न करता लोटलं आणि परत येऊन शटरच्या उंबऱ्यावर बसली.

माणूस खाली मान घालून, कामाच्या सवयीनं भराभर जेवत होता. डबा रिकामा होत चालला होता.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "सावकाश जेवा."

शेवटचा घास उरला होता. त्यानं एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि त्या घासाचे दोन केले.