चक्र फिरत असताना
लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. मिलिंदने धोक्याचं लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं. खाली वॉचमनच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर आता घंटा वाजायला हवी होती. तो प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता.

घंटा वाजली नाही, आणि का वाजली नाही हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. नेटवर्कवरून लिफ्टचं उत्तर येईपर्यंत त्याचा प्रोग्रॅम सगळी कामं सोडून वाट बघत बसे. तेवढ्या वेळात पडद्यावर नुसतं चक्र फिरे; ना घंटा वाजे, ना बटण ऐके. "वाट बघायचं काम वेगळं काढ, म्हणजे बाकीचं अडणार नाही," ऑफिसातल्या शर्वरीने हात जोडून सांगितलं होतं. "डेमोत चाललं ना?" म्हणून त्याने ते उडवून लावलं होतं.

त्याने दार बडवलं. "अहो, कॉम्प्युटर बंद करून चालू करा!"

"नाय जमणार," खालून वॉचमन ओरडला. "पडद्यावर चक्र फिरतंय. तेव्हा हात लावायचा नाही, बनवणाऱ्या साहेबांनी फोनवर बजावलंय. ते आजच यायचेत. आले की बघतील."

"तो साहेब मीच!"

"आत अडकलं की सगळेच साहेब होतात."