शौर्यचं बोट

हेतलबेननी साबणाच्या पाण्याची बाटली जयसिंगरावांच्या हातात दिली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि स्वतः शौर्यच्या मागे जाऊन बसल्या.

फतेगंजातली ती पहिल्या मजल्यावरची खोली एवढीशी होती. खाली सतरंजी, कोपऱ्यात ठोकळे आणि चेंडू. नातू साडेचार वर्षांचा झाला तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, म्हणून डॉक्टरांनी बिहेवियर थेरपी सुचवली, तेव्हा जयसिंगरावांना वाटलं होतं, आता कुणीतरी याला टेबलाशी बसवून शिस्त लावेल. शाळेत मुलांना ड्रिल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण हेतलबेन पहिले काही आठवडे नुसत्या खेळल्या. काय आवडतं, काय नको असतं, कशाने बिथरतो, एवढंच सुनेला, मृदुलाला, विचारत राहिल्या. असं खेळणं तर आपल्या घरीही चालतं, असं जयसिंगराव जिन्यात सुनेला म्हणालेही होते.

आज बेननी त्यांनाच समोर बसवलं होतं. शौर्यला काय हवं ते आजोबांना न मागता कळतं, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करायची. तो बोट दाखवून मागेल तेव्हाच झाकण उघडायचं. आधी रडणं वाढेल, घाबरून जायचं नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

शौर्यने नेहमीसारखा आजोबांचा हात मनगटाशी धरून झाकणावर ठेवला. झाकण उघडलं नाही. त्याने हात ढकलला, किंचाळला, मग पालथा पडून पाय आपटू लागला. बेननी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. दाराशी बसलेल्या मृदुलाने पदर मुठीत धरला.

जयसिंगरावांची बोटं झाकणाकडे गेली.

“रहेवा दो, काका,” बेन हळूच म्हणाल्या.

“अहो, पण त्याला ते पाहिजे आहे. मला कळतंय ना.”

“तुम्हाला कळतं, काका. पण आपण तुम्हाला सांगू शकतो, हे त्याला कळू दे.”

जयसिंगरावांनी बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली. शिट्टी वाजवून त्यांनी अख्खं मैदान निश्चल उभं केलं होतं. स्वतः असं बसून राहणं त्यांना कधी इतकं जड गेलं नव्हतं.

रडणं हळूहळू ओसरलं. शौर्य उठून बसला. बेननी मागून त्याचा हात धरला, पहिलं बोट सरळ केलं आणि बाटलीला टेकवलं. आजोबांनी लगेच झाकण काढून फुंकर मारली. फुगे पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर पांगले. पुन्हा झाकण, पुन्हा बोट. थोड्या वेळाने बेन फक्त त्याच्या कोपराला हात लावत होत्या. मग तोही त्यांनी काढून घेतला. शौर्यने आपणहून बोट पुढे केलं. वाकडं होतं, बाटलीपासून जरा बाजूलाच होतं, पण बोट होतं.

उतरताना जयसिंगरावांनी सुनेला विचारलं, घरी बिस्किटांचा डबा कुठे असतो. खालच्या फळीवर, ती म्हणाली. तो उंच ठेवायचा, पण त्याला दिसला पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

घरी पहिले दिवस वाईट गेले. त्या किंकाळ्या ऐकून शेजारचे विचारायला आले. एकदा तर आजोबांनीच हार खाल्ली आणि डबाच्या डबा त्याच्यापुढे ठेवला. बेन रागावल्या नाहीत. असं सगळ्यांच्याच घरी होतं, उद्यापासून पुन्हा लागा, म्हणाल्या. ते पुन्हा लागले. दिवाळी होईपर्यंत शौर्यचं बोट पाण्याकडे, पंख्याच्या बटणाकडे, स्कूटरकडे जाऊ लागलं. शब्द अजून आला नव्हता. पण रडणं कमी झालं होतं, आणि घरात सगळ्यांचं जेवण निवांत होऊ लागलं होतं.

थंडीतल्या एका संध्याकाळी परत येताना मृदुला सयाजीगंजात औषधाच्या दुकानात शिरली. आजोबा आणि शौर्य बाहेर स्कूटरजवळ थांबले. शौर्यने बोट वर केलं.

समोर फुगेवाला होता. जयसिंगरावांनी लाल फुगा घेऊन दिला. शौर्यने तो बाजूला ढकलला, बोट तसंच. त्यांनी गरम शेंगांची पुडी त्याच्यापुढे धरली. तीही त्याने घेतली नाही. याला काय हवं आहे, ते त्यांना काही केल्या कळेना. मृदुला बाहेर आली तेव्हा ते एका हातात फुगा आणि एका हातात पुडी धरून उभे होते.

तिने शौर्यच्या खांद्याशी वाकून त्याच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. सिनेमाच्या इमारतीवर बांबूंच्या परांचीवर बसून एक रंगारी नव्या पोस्टरवरचा भलामोठा चेहरा रंगवत होता. अजून एकच डोळा झाला होता.

“आबा, त्याला काही नको आहे,” ती म्हणाली. “तो तुम्हाला दाखवतोय.”

जयसिंगरावांनी मान वर केली. शौर्यने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं, ते बघताहेत ना म्हणून, आणि पुन्हा वर बघू लागला.