वरची बाजू

सीताबर्डीवरच्या नत्थूजींचा अर्धा जन्म तसबिरी मढवण्यात गेला, पण असं कोडं त्यांना कधी पडलं नव्हतं. कुहीहून आलेल्या गिरजाबाईनं मासिकातलं एक पान पुढं केलं होतं. अवकाशातून टिपलेला समुद्र, सगळीकडं विखुरलेले ढग आणि पाण्यावर लखलखणारं ऊन. नत्थूजींनी ते पान चारही बाजूंनी फिरवून पाहिलं.

"बैठकीत झकास दिसन, माय. पण याची वरची बाजू कोनती? कडी कुठं लावू?"

"कुठंबी लाव, भाऊ. माह्या पोराची बोट याच पान्यात बुडाली. त्याचा एकच फोटो होता, कामाच्या कार्डावरचा, तो त्याच्याच खिशात गेला. सांग, मंग हार कायले घालू?"