उलटी बाही

दार सताड उघडं होतं, म्हणून दातांचे डॉक्टर सरळ आत शिरले. बुटांसकट. मागोमाग त्यांची बायको. सकाळपासून गाडीने तीन जुनी गावं पालथी घातली होती आणि तिन्हीकडे एकेक जुनं घर लोकांना बघायला उघडं ठेवलेलं. मच्छिमारांच्या वस्तीतलं हे चौथं. पाटी नाही, तिकीट नाही.

"फुकट दिसतंय," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "आणि मांडलंय काय हुबेहूब! कपात चहासुद्धा ठेवलाय बघ."

"अहो, कशालाही हात नका लावू."

ऐकतील तर ते डॉक्टर कसले! खिळ्याला एक पिवळा रेनकोट टांगला होता, जाडाभरडा, मिठाने कडक झालेला. त्याची एक बाही उलटी होऊन आत गेली होती. डॉक्टरांनी ती बाहेर ओढली, कोट अंगात चढवला आणि कोपऱ्यातलं वल्हं धरून ऐटीत उभे राहिले.

"काढ आता फोटो. कसा दिसतोय?"

"दात उपटायला निघाल्यासारखे," बायको म्हणाली. हसत हसत तिने चार फोटो काढले.

तेवढ्यात मागच्या दाराने एक म्हातारी आत आली. हातातली बादली तिने खाली ठेवली. आधी कोटाकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या तोंडाकडे.

"बंदराच्या ऑफिसातून आलात का? लागला माझ्या मुलाचा पत्ता?"

"नाही... आम्हाला वाटलं, हे बघायचं घर आहे."

"बघायचं?"

"दार उघडं होतं ना," बायको कशीबशी म्हणाली.

"उघडंच असतं. त्याची बोट येईपर्यंत लावणार नाही मी. आज नववा दिवस."

डॉक्टरांचे कान तापले. उभा जन्म लोकांना 'आ करा' म्हणण्यात गेला, आणि आता स्वतःचं तोंड उघडेना. धरणीने पोटात घ्यावं असं झालं त्यांना. घाईघाईने त्यांनी कोट काढला, झटकला, खांदे जुळवून खिळ्याला लावला. घरी स्वतःचा सदरासुद्धा त्यांनी कधी इतका नीट टांगला नव्हता.

म्हातारी जवळ आली.

"बाही उलटी होती ह्याची."

"हो, मी सरळ केली."

"उकडतंय म्हणाला, ओढून काढला आणि गेला. म्हटलं, अरे, बाही तरी सरळ कर. तर म्हणे, आल्यावर करतो. म्हणून मी हात लावला नव्हता."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "होती तशी करून द्या."

डॉक्टरांनी बाही आत ढकलली.

"एवढी नाही. मनगटाची कड बाहेर दिसायची."

त्यांनी थोडी बाहेर ओढली.

"अशी नव्हती." म्हातारी बायकोकडे वळली. "बाई, तुम्ही फोटो काढलेत ना? त्यात दिसेल बघा कशी होती ते."

बायकोने फोन उघडला. म्हातारी तिच्या खांद्याशी येऊन वाकली, डोळे बारीक करून बघू लागली. चारच फोटो होते. चारही फोटोंत दोन्ही बाह्या सरळ होत्या, आणि डॉक्टरांचे सगळे दात दिसत होते.