नाकाची वर्दी

नॉर्वेतल्या लोफोटेनच्या बेटावर आईच्या घरात पाऊल टाकताच तोर्डिसने नाक दाबलं. माळ्यावर टांगलेल्या सुक्या कॉड माशांचा वास घरभर मुरला होता.

"आई, एवढा दर्प सुटलाय आणि तुला पत्ताच नाही? नाकही गेलं तुझं. आता एकटी राहू नकोस, वृद्धाश्रमात खोली बघितलीय मी." बोटीत घोकलेलं तिने नजर चुकवत एकदाचं सांगून टाकलं.

आईने कॉफी ओतली. "दाराबाहेर सिगारेट विझवून आलीस, तो वास बरा आला मला! नाक नव्याचीच वर्दी देतं गं, रोजचं सांगणं सोडून देतं."

तोर्डिसचा हात नाकावरून खाली आला.

"हा वास तर तुझ्या जन्माआधीपासून आहे. दर रविवारी येत होतीस, तोवर तुलाही कधी आला नाही."