नाकातली काडी

“काडी काढू नका,” करसनभाई म्हणाला.

मणीफोईचा हात तिथंच थांबला. करसनभाईची ही थोरली बहीण. तिनं भावजयीला, रळियातला न्हाऊ घातलं होतं, लाल बांधणी नेसवली होती, मळवट भरला होता. नवऱ्याआधी गेली, म्हणजे नवरीसारखी जाणार. फक्त नाक राहिलं होतं. नाकात कडुनिंबाची काडी होती.

“वेडा झालास का रे? सवाष्ण बाई झाडाची काडी घालून जाईल? चार बायका काय म्हणतील?”

“चार बायका सहा वर्षं हसतच होत्या. आज अजून हसू देत.”

दारात अल्पेश उभा होता. अँटवर्पहून विमान, मुंबईहून टॅक्सी, आणि आता सुरतेच्या वराछातल्या या दोन खोल्या. त्याच्यासाठीच आईला, त्याच्या ‘बा’ला, बर्फावर ठेवलं होतं. त्याच्या हातात मखमलीची डबी होती.

सहा वर्षांपूर्वी बापाच्या शेठनंच त्याला आपल्या अँटवर्पच्या ऑफिसात लावलं. तिकिटाला पैसे कमी पडले. रळियातनं कानातलं काढून दिलं, तेवढ्यानं भागेना, तेव्हा नाकातली चमकी काढली. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी खोचली. ती वाळली की दुसरी. जिन्यात बायका टोमणे मारायच्या, “काय रळियातबेन, लागला का झाडाला हिरा?” तीही कमी नव्हती. म्हणायची, “कळी धरलीय गं. फूल बेल्जियमला उमलायचंय.”

अख्ख्या जगाचे हिरे ज्या गावात घासतात, त्या गावात हिरे घासणाऱ्याच्या बायकोच्या नाकात काडी. लाज कुणाला वाटायला हवी ते तुम्हीच ठरवा. शेठला एकदा थोडीशी वाटली. गेल्या वर्षी होळीच्या आधी करसनभाईनंच घासलेला एक हिरा त्यानं पुडीत बांधून दिला. “जांगड ने घरी. भाभीला आवडला तर ठेव, पगारातून कापू. नाही आवडला तर उद्या परत आण. बाकीचा माल अँटवर्पला जायचाय.”

मुगाच्या डाळीएवढा हिरा. रळियातनं बोटाला थुंकी लावून तो नाकावर, काडीशेजारी चिकटवला. आरशात बघून पोरीसारखी हसली. करसनभाईला मात्र कारागिराची खोड. म्हणाला, “कडेला एक काळा ठिपका राहिलाय. किती घासला, जाईना. भिंगाशिवाय दिसत नाही म्हणा.”

“असू दे की. तीट आहे ती. दृष्ट नको लागायला.”

त्याच संध्याकाळी अल्पेशचा फोन आला.

“बापुजी, तिथं कशाला घेता? शेठ गोड बोलून चढा भाव लावतो. इथं बाजार आहे, घासाघीस होते, खरा भाव कळतो. दिवाळीला येतो तेव्हा मीच आणतो.”

“तुझ्या बाला बरं नसतं रे आताशा.”

“म्हणून काय स्वतःला लुटू द्यायचं?”

फोन ठेवला तशी रळियातनं हिरा नाकावरून उतरवला, पुसला, पुडीत घातला. “परत द्या शेठला.”

“त्या गाढवाचं काय ऐकतेस! चार पैशांसाठी...”

“मला कुठं हिरा हवाय? पोराचं तोंड बघून पाच वर्षं झाली. हिरा आणतो म्हणतोय. म्हणजे यावं तर लागेल ना त्याला?”

पुडी परत गेली. दिवाळी आली. अल्पेश म्हणाला, भाव चढलेत, थांबू या. होळी आली. म्हणाला, भाव उतरताहेत, अजून थांबू या. चढला तरी थांबायचं, उतरला तरी थांबायचं. हुशार माणसांचा हिशेब असतो तो. रळियातच्या पोटातली गाठ अडाणी. ती थांबली नाही.

आणि आता अल्पेशनं डबी उघडून बापापुढे धरली. सोन्याच्या चार नख्यांत बसवलेला हिरा.

“घाला हो तिला, बापुजी. ऑफिसातच पडून होता, कुणी उचलत नव्हतं. तिथल्या भावातूनही कमी करून घेतला. इथं याच मालाला शेठनं...” त्याला थांबता येईना. माणसाला रडता आलं नाही की तो भाव सांगत सुटतो.

करसनभाईनं खिशातून भिंग काढलं. हाताला सवय. बायकोच्या उशाशी बसून त्यानं चमकी उजेडाला धरली.

मणीफोईनं तोंडाला पदर लावला. “शरम वाटू दे, करसन! आत्ता पोराचा माल पारखतोस?”

भिंग बराच वेळ खाली आलं नाही. हिऱ्याच्या कडेला तीट होती.

“काय झालं?” अल्पेश पुढं झाला. “खोटा आहे का? फसवलं मला?”

करसनभाईनं चमकी पोराच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. मग वाकून रळियातच्या नाकातली काडी सरळ केली.

“खरा आहे,” तो म्हणाला. “तुझ्या बानं हाच घालून बघितला होता. तू घेऊन येशील म्हणून परत केला.”